तोंडी हजेरी

ऑपरेटरबाईंनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून सत्तावीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, आणि आपल्या मुलीच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलं. पहिलं काम यंत्राने काढून घेतलं. दुसरं कोणी काढून घेईना, तेव्हा बाई वयाच्या बावन्नाव्या वर्षी मुलीच्याच कॉलेजात, मुलीच्याच वर्गात, मुलीच्या पुढच्याच बाकावर जाऊन बसल्या.

यात सगळा दोष त्यांचा नव्हता, हे न्यायाने सांगायला हवं. मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. तिने ‘आफ्रिकेचा आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकी लोकांचा इतिहास व संस्कृती’ हा विषय घेतला तो निव्वळ रांग बघून. बाकीच्या खिडक्यांपुढच्या रांगा पार सायकल-स्टँडपर्यंत गेल्या होत्या. या खिडकीपुढे चिटपाखरू नव्हतं आणि आतला कारकून निवांत डबा खात होता. भिंगरीने अर्ज सरकवला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला, हात पुसले आणि विचारलं, "नक्की ना?"

पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरगी त्या विषयात अशी बुडाली की जेवणाचं ताट समोर गार होईपर्यंत सांगत बसायची. मालीच्या राजाने यात्रेला जाताना कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भावच पडला. झिंबाब्वेच्या त्या प्रचंड भिंती नुसत्या दगडावर दगड ठेवून उभ्या आहेत, मधे चुना नाही की माती नाही. जन्मात पहिल्यांदा ती कुठेतरी टिकली होती. आणि नेमकी त्याच आठवड्यात नोटीस लागली की पाचापेक्षा कमी विद्यार्थी असलेला विभाग बंद केला जाईल. होते चार.

ऑपरेटरबाईंनी त्याच संध्याकाळी अर्ज भरला. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याने भिंग पुसता पुसता एवढंच विचारलं, "अगं, पण तिला विचारलंस का?"

"तिच्यासाठीच तर करतेय. विचारायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या.

विभाग कॉरिडॉरच्या अगदी टोकाला होता. आधी तिथे वनस्पतिशास्त्राचं अडगळीचं सामान असायचं, आणि फळीवरच्या काही बरण्या कोणी नेल्याच नव्हत्या. बाकं पाच. एका बाकावर पंच, म्हणजे हॉकीचे निवृत्त पंच. गुडघ्यांमुळे मैदान सुटलं, पण शिट्टी अजून खिशात. दुसऱ्यावर वेणीवाली. तिचं स्वतःचं पार्लर होतं, आणि आफ्रिकी बायका केसांत जे काय विणतात ते मुळापासून शिकायचं म्हणून ती आली होती. तिसऱ्यावर लांब्या, ज्याचे पाय बाकात मावत नसल्यामुळे तो तिरका बसायचा आणि तिरकाच झोपायचा. मागे भिंगरी. तिच्यापुढे बाई.

पाच विद्यार्थी झाले तो दिवस पहिला धरला. शिपाई रेघा आखलेला कोरा हजेरीपट घेऊन आला. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या होत्या, आवाज मात्र दोन मजले खाली ऐकू जाईल असा. त्यांनी हजेरीपट दोन बोटांनी उचलला आणि शिपायाच्या हातात परत दिला.

"हे माझ्या वर्गात चालणार नाही," त्या म्हणाल्या. "लाखो माणसं जहाजांत कोंबून समुद्रापार नेली, विकली. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या वह्या अगदी व्यवस्थित ठेवलेल्या आहेत. अक्षर सुंदर. पुरुष इतके, बायका इतक्या, मुलं इतकी. वय अंदाजे. पानामागून पानं गेली तरी नावाचा रकाना नाही. आणि दुसरीकडे पश्चिम आफ्रिकेतले ग्रिओ बघा. इतिहास तोंडपाठ ठेवणारी घराणी. एक अक्षर न लिहिता त्यांनी शेकडो वर्षांच्या वंशावळी सांभाळल्या, नावासकट आणि स्वभावासकट. तेव्हा या विभागाची हजेरी सांगितली जाईल. लिहिली जाणार नाही."

शिपाई म्हणाला, "मग ऑफिसला काय सांगू?"

"जे ऐकलंस ते सांग. तशीच सुरुवात असते."

नियम असा ठरला की रोज पहिल्या दिवसापासूनची हजेरी सांगायची. नुसतं हजर-गैरहजर म्हणायचं नाही, प्रत्येकाची त्या दिवसाची एक खूण सांगायची, कारण खुणेशिवाय माणूस लक्षात राहत नाही. सांगणार कोण? लांब्याला स्वतःचा रोल नंबर आठवत नव्हता. पंचांना माणसांचे फक्त गुन्हे आठवायचे. मग ऑपरेटरबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक्स्चेंजच्या जुन्या डिरेक्टरीतले चारशे नंबर एका दमात म्हणून दाखवले, त्यातला कोण बोलण्याआधी खोकायचा यासकट. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र बसल्यापासून बाईंच्या त्या नंबरांना कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. बाई बसल्या तेव्हा त्यांची मान इंचभर उंच झाली होती, आणि मागच्या बाकावर भिंगरीने कपाळाला हात लावला होता.

पहिल्या दिवशी हजेरीला अर्धं मिनिट लागलं. दहाव्या दिवशी दहा मिनिटं. तिसाव्या दिवशी हजेरी संपली तेव्हा तासाची घंटा झाली आणि मॅडमना शिकवायला वेळच उरला नाही. दुसरा कोणी असता तर हजेरी आखूड केली असती. मॅडमनी धडेच हजेरीत घातले, मागच्या दिवसांचेसुद्धा. तेव्हापासून नोंदी अशा होऊ लागल्या: "बारावा दिवस. पंच हजर, डाव्या मोज्याला भोक. वेणीवाली हजर, हाताला मेंदीच्या तेलाचा वास. लांब्या हजर, पण झोपेत. भिंगरी गैरहजर, अंथरुणातून उठली नाही. मी हजर. आणि याच दिवशी हैतीतल्या गुलामांनी मालकांच्या फौजा हरवून स्वतःचा देश केला." सगळं एका सुरात. पुढे पुढे अशी पंचाईत झाली की मोज्याचं भोक काढलं तर हैती स्वातंत्र्य मिळवेना. वेणीवाली गिऱ्हाइकांच्या वेण्या घालताना पूर्व आफ्रिकेतल्या किल्वा बंदरातला सोन्याचा व्यापार सांगायची आणि मधेच म्हणायची, "त्या दिवशी लांब्याने शर्ट उलटा घातला होता." गिऱ्हाइकं मान डोलवायची. काहींना वाटायचं की लांब्या हा किल्व्याचा सुलतान असावा.

पन्नासाव्या दिवसापर्यंत हजेरी सकाळी आठला सुरू करावी लागायची, तास दहाचा असूनही. बाई पहाटे स्वयंपाकघरात तालीम करायच्या. डाळ शिजेपर्यंत विसावा दिवस, भांडी होईपर्यंत पस्तिसावा. भिंगरी उशी कानांवर दाबून पडून राहायची. चष्मेवाले दुकानात गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगायचे आणि ओळ नीट वाचली गेली की नकळत म्हणायचे, "हजर."

ऑफिसही काही कमी नव्हतं. शिपायाने ऐकलेलं ऑफिसला सांगितलं, ऑफिसने नियमांचं पुस्तक काढलं, आणि विभागाला पत्र आलं की हजेरीपट कॉलेजच्या आवाराबाहेर नेण्यास सक्त मनाई आहे. मॅडमनी उत्तर दिलं की हजेरीपटाला घरी नवरा आहे. चार दिवस पत्रं इकडून तिकडे गेली. शेवटी तोडगा निघाला. रोज संध्याकाळी फाटकावरचा वॉचमन ऑपरेटरबाईंना गेटपास द्यायचा: ‘हजेरीपट, नग एक, सकाळी परत आणण्याच्या बोलीवर.’ सकाळी तो बाईंना आपादमस्तक न्याहाळायचा, पानं फाटलेली नाहीत ना याची खात्री करायचा आणि सही घेऊन आत सोडायचा. बाईंना याचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडायचं. सत्तावीस वर्षांत एक्स्चेंजमधून त्या घरी निघाल्या तर कोणी मान वर करून बघितलं नव्हतं.

आणि इथेच बाई चुकल्या. ज्याला माणसांच्या खुणा शोधायच्या असतात त्याचे डोळे हळूहळू फार तीक्ष्ण होतात, आणि बाईंचे कान तर मुळातच एक्स्चेंजचे होते. बेचाळिसाव्या दिवशी त्या उभ्या राहिल्या, पंचांचं झालं, वेणीवालीचं झालं, आणि मग त्याच सुरात म्हणाल्या, "भिंगरी हजर. खूण, काल दुपारी न्हाणीघरात नळ सोडून रडली."

लांब्यासुद्धा जागा झाला. भिंगरीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला आणि ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर ती दप्तर न टाकताच म्हणाली, "ती खूण काढून टाक."

"नोंद झाली आता. नोंदीतून काढता येत नाही."

"आई, उद्या परत सांगणार तू ते? परवा परत? रोज?"

"मी काय मनाचं सांगतेय? जे झालं तेच सांगतेय. उद्या मी तुझं काढलं तर परवा पंच म्हणतील माझं मोज्याचं भोक काढा. मग राहिलं काय?"

"तू वर्गात तरी माझी आई नसायला हवी होतीस," भिंगरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेलीच नाही.

त्रेचाळिसाव्या दिवसाची नोंद झाली: भिंगरी गैरहजर, खूण, तिच्या बाकावर मॅडमनी छत्री ठेवली. चव्वेचाळिसाव्या दिवशी ती आली, बसली, आणि आईने नळाची गोष्ट पुन्हा सांगितली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. पुढे रोज मिटायची. बाईंना ते दिसत नसे, कारण त्या पुढच्या बाकावर होत्या. की त्यांनी मागे वळून बघायचं टाळलं, कोण जाणे.

वर्ष संपत आलं तसं एक अरिष्ट आलं. वरून तपासणी होती. ऐंशी दिवसांचं सत्र, परीक्षेला बसायचं तर पाऊण हजेरी, म्हणजे साठ दिवस. एक दिवस कमी असला तरी वर्ष वाया. शिवाय तपासनीस साहेबांचं पत्र होतं की या विभागाच्या हजेरीपटाबद्दल चमत्कारिक गोष्टी कानावर आल्या आहेत. तो खोटा निघाला तर विभाग त्याच दिवशी बंद होईल.

एकोणऐंशीव्या दिवशी बाईंनी डाळ निवडता निवडता सगळ्यांचे दिवस बोटांवर मोजले. वेणीवाली चौसष्ट. पंच अठ्ठ्याहत्तर. लांब्या ऐंशीला पोचणार होता, झोपायला दुसरी जागा नव्हती त्याला. भिंगरी, उद्याचा दिवस धरून, एकोणसाठ.

बाईंनी पुन्हा मोजलं. एकवीस वेळा गैरहजर. वीस चालले असते. त्यांतले वीस दिवस पोरीच्या आळसाचे, सर्दीचे आणि मैत्रिणींचे होते, त्यांबद्दल बाईंना काही वाटलं नाही. एकविसावा खाडा म्हणजे त्रेचाळिसावा दिवस. तो दिवस बाईंनी स्वतःच्या तोंडाने घालवला होता. त्यांच्या हातातली डाळ तशीच राहिली. पोरगी उभ्या आयुष्यात एका ठिकाणी टिकली आणि तिथूनच तिचं वर्ष जाणार होतं, तेही आईमुळे.

मग त्यांनी ठरवलं. कागद नव्हता, शाई नव्हती, खाडाखोड दिसायला जागा नव्हती. एक शब्द बदलायचा होता. त्यांनी भिंगरीला सांगितलं नाही, मॅडमना तर नाहीच. पंचांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉरिडॉरमध्ये गाठलं, कारण पंच चूक ऐकली की शिट्टी फुंकतील ही भीती होती.

पंचांनी बराच वेळ खिशातली शिट्टी चाचपली. "आयुष्यभर मी कोणासाठी डोळेझाक केली नाही, बाई," ते म्हणाले. "पण मी आता निवृत्त आहे. निवृत्त माणसाला कमी ऐकू येतं."

वेणीवालीने हात हातात घेऊन सांगितलं की तुम्ही काळजी करू नका. लांब्याला सांगायची गरज नव्हती.

ऐंशीव्या दिवशी तपासनीस साहेब आले. बरोबर एक लिपिक, त्याच्या काखेत शिक्क्यांची पेटी. साहेब सरळ स्वभावाचे, म्हणजे नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारे होते. त्यांनी हजेरीपट मागितला. मॅडमनी ऑपरेटरबाईंकडे बोट दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि लिपिकाला विचारलं, "हजेरीपट कागदाचा असावा असं कुठे म्हटलंय का?"

लिपिकाने पुस्तक चाळलं. "नाही साहेब. पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का असावा, एवढंच आहे."

साहेब विचारात पडले. मग बाईंना दोन्ही हात पुढे करायला सांगितले. लिपिकाने उजव्या तळहातावर एक शिक्का मारला, डाव्यावर दुसरा. शाई ओली होती म्हणून बाईंना हात हवेत धरून उभं राहायला लागलं.

"करा सुरुवात," साहेब म्हणाले.

बाईंनी सुरुवात केली. पहिले दहा दिवस साहेब घड्याळ बघत होते. बाराव्या दिवशी हैती स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. सोळाव्या दिवशी वेणीवालीची खूण म्हणून ती गोष्ट आली. दूर दक्षिण अमेरिकेत पळून जाणाऱ्या गुलाम बायका डोक्यावर वेण्यांतून रस्त्यांचे नकाशे विणायच्या, असं तिकडची माणसं सांगतात, आणि त्या दिवशी वेणीवालीने तसा नकाशा लांब्याच्या डोक्यावर विणून पाहिला होता. लांब्याचे केस आखूड, त्यामुळे रस्ता कानापाशी संपला. लिपिक लिहायचं सोडून लांब्याच्या डोक्याकडे बघत राहिला. चहा आला, गार झाला, नेला. तिसावा दिवस झाला, चाळिसावा झाला.

"बेचाळिसावा दिवस," बाई म्हणाल्या. पंच झाले, वेणीवाली झाली, लांब्या झाला. "भिंगरी हजर. खूण, आदल्या दुपारी न्हाणीघरात नळ सोडून रडली."

"कारण?" साहेबांनी विचारलं.

बाई थांबल्या. इतक्या दिवसांत हजेरी मधेच कोणी थांबवली नव्हती. "काय म्हणालात?"

"रडण्याचं कारण. प्रत्येक नोंदीपुढे कारणाचा रकाना असतो. गैरहजरीला तुम्ही सगळीकडे कारण दिलंय. इथे रकाना रिकामा दिसतोय."

"ती हजर होती ना, साहेब. हजेरीला कारण लागत नाही."

"रडायला लागतं," साहेब म्हणाले आणि वाट बघत राहिले.

बाईंनी डोक्यात सगळीकडे शोधलं. पंचांच्या सदतीस जोडी मोज्यांचा हिशोब होता. लांब्याच्या घोरण्याचे तीन प्रकार होते. कारणाच्या जागी मात्र काहीच नव्हतं. "नोंद नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. लिपिकाने तसं लिहून घेतलं.

यानंतर खोटं बोलायला फार बळ लागतं. पण बाईंनी दोन्ही तळहात उघडे धरले होते, मागे मुलगी होती, आणि तिचं वर्ष पुढच्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

"त्रेचाळिसावा दिवस," त्या म्हणाल्या. "पंच हजर, शिट्टीची दोरी तुटलेली. वेणीवाली हजर, सर्दी. लांब्या हजर, झोपेत हसला. भिंगरी हजर." इथे त्यांना कळलं की खूण बनवून आणायची राहिली. त्यांना खुणा बनवायची सवयच नव्हती. "खूण, निळा स्वेटर."

पंचांनी जमिनीकडे बघितलं. वेणीवाली खोकली. मॅडमनी मान वर केली. बाई पुढे बोलायला तोंड उघडणार तोच मागून आवाज आला.

"आई, मी नव्हते त्या दिवशी."

"बस खाली," बाई मागे न बघता म्हणाल्या.

"निळा स्वेटर आपल्या घरात कोणाचाच नाही. त्या दिवशी मी गैरहजर होते. खूण, माझ्या बाकावर मॅडमनी छत्री ठेवली."

"भिंगरे, गप्प बस. तुला कळत नाहीये."

"मला मोजता येतं, आई. एकोणसाठ." भिंगरी उभी राहिली. तिचा सूर आईचाच होता. "पहाटे उशीखालून सगळं ऐकू येतं. मला नळाची नोंद काढून हवी होती तेव्हा तू म्हणालीस, एकदा काढलं तर राहिलं काय. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता. पण ते बरोबर होतं. मग हेही घालता येणार नाही." आणि ती तशीच उभ्या उभ्या पुढे सांगू लागली. "त्याच दिवशी मॅडमनी ब्राझीलचा धडा सांगितला. मी नंतर वेणीवालीकडून ऐकला. तिकडे गुलामांना लढायला शिकायची बंदी होती, म्हणून ते नाचतोय असं दाखवून लढाई शिकले. चव्वेचाळिसावा दिवस. पंच हजर..."

ती ऐंशीव्या दिवसापर्यंत थांबली नाही. एक नाव चुकलं नाही, एक मोजा चुकला नाही. ऑपरेटरबाई दोन्ही हात हवेत धरून उभ्याच होत्या. बसावं हे त्यांना सुचलं नाही. आपली हजेरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ. आपलं सगळं कसं बरोबर आहे हे ऐकताना त्यांना अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी त्या रडकुंडीला आल्या होत्या.

साहेबांनी लिपिकाची वही बघितली. मग त्यांनी लिपिकाला विचारलं, "हजेरीपटात खाडाखोड आढळली तर?"

लिपिकाने पान काढलं. "दुरुस्ती केलेल्या जागेशेजारी दुरुस्त करणाऱ्याची सही असली म्हणजे हजेरीपट ग्राह्य धरावा."

"मग घ्या सही."

लिपिकाने भिंगरीच्या हातात पेन दिलं. आईचा डावा तळहात तिने आपल्या हातात धरला. शिक्क्याशेजारी जागा थोडीच होती आणि बाईंचा हात घामाने ओला, त्यामुळे शाई उठेना. भिंगरीने स्वतःच्या बाहीने तो हात पुसला आणि पुन्हा सही केली. बाईंना आठवेना की पोरीने आपला हात शेवटचा कधी धरला होता. तीही नोंद नव्हती.

साहेबांनी निकाल तिथेच सांगितला. हजेरीपट खरा. विभाग चालू राहील. चार विद्यार्थी परीक्षेस पात्र, एक अपात्र. अपात्र विद्यार्थिनीने पुढल्या वर्षी पुन्हा प्रवेश घ्यावा. जाताना त्यांनी दारात घुटमळून लांब्याला विचारलं की कानापाशी संपलेला तो रस्ता पुढे जायचा कुठे. लांब्या म्हणाला की तेव्हा मला झोप लागली होती.

मॅडमनी ऑपरेटरबाईंना एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त भिंगरीला म्हणाल्या, "पुढल्या वर्षी हजेरी तू सांगायची. पहिल्या दिवसापासून. आजचा दिवसही त्यात येईल."

"येईल," भिंगरी म्हणाली. "आईची खूण काय सांगू?"

"जे झालं ते," बाईच मधे बोलल्या.

दोघी बसच्या थांब्यावर येऊन बसल्या. ऊन उतरणीला लागलं होतं. बाईंनी मुठी मिटून मांडीवर ठेवल्या होत्या, सही पुसली जाऊ नये म्हणून. भिंगरी पाय हलवत होती. वर्ष गेलेल्या मुलीने जितकं दुःखी दिसायला हवं तितकी ती दिसत नव्हती. माफी मागायचा बाईंना सराव नव्हता. शेवटी त्यांनी जे साहेबांनी विचारल्यापासून मनात होतं तेच विचारलं.

"त्या दिवशी का रडत होतीस गं?"

भिंगरीने पाय हलवायचे थांबवले. तिने खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ.

"आठवत नाही, आई."

"असं कसं? एकोणचाळीस वेळा सांगितलंय मी ते. रोज."

"मी रडले एवढंच तू सांगायचीस. का ते कोणी विचारलं नाही, मग ते राहून गेलं. तेव्हा खूप मोठं होतं काहीतरी, एवढं आठवतं." ती उठली. "बस आली."

बसमध्ये भिंगरीला खिडकी मिळाली आणि ती बाहेर बघत बसली. बाईंनी डोळे मिटले आणि मनात पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. पोरगी काय बोलली होती, कशाला हसली नव्हती, जेवताना ताटात काय ठेवून उठली होती, कुठेतरी काही सापडेल म्हणून. घर येईपर्यंत त्यांनी चार वेळा सगळे दिवस भराभर चाळून पाहिले. चारही वेळा बेचाळिसाव्या दिवशी फक्त नळाचा आवाज होता.